सोसायटीतल्या लोकांना घरी थांबवायचं कसं? (९६ घरं, कोविडचे ३ रुग्ण)

डोंबिवलीकर सचिव | १७ एप्रिल २०२१, सकाळी ९.४०

नमस्कार मंडळी.

१४ तारखेच्या रात्री ८ पासून १ मेच्या सकाळी ७ पर्यंत राज्यभर संचारबंदी आहे. तरी आमच्या गेटवरची ये-जा म्हणावी तशी कमी झालेली नाही. ४ विंग, प्रत्येकी ६ मजले, एकूण ९६ घरं. साठीच्या पुढचे साधारण ५० जण. सध्या ३ रुग्ण आहेत, तिघेही घरीच विलगीकरणात.

उपचाराधीन रुग्ण ५ च्या वर गेले की सोसायटी सूक्ष्म प्रतिबंधित क्षेत्र धरली जाते. मग गेटवर फलक, बाहेरच्यांना बंदी, आणि नियम मोडले तर पहिल्यांदा १०,००० आणि नंतर २०,००० रुपये दंड. दंडाचं काही नाही, भरता येईल. चौथा-पाचवा रुग्ण गंभीर झाला तर बेड कुठून आणायचा, याची काळजी जास्त आहे.

नोटीस लावली, ग्रुपवर रोज लिहितो, फरक शून्य. म्हणून विचारतो:

लोक प्रत्यक्षात थांबावेत म्हणून काय व्यवस्था लावावी? भाजीचा टेम्पो आत बोलवावा का? घरी असलेल्या रुग्णांवर लक्ष कसं ठेवायचं? गच्चीला कुलूप लावावं का, यावर कमिटीत दोन तट आहेत. आणि घरकामाला येणाऱ्या ताईंचं काय? आज-उद्या अमलात आणता येईल असं सांगा, ही विनंती.

---

हिशोबनीस | १७ एप्रिल, सकाळी ११.१५

सचिवसाहेब, लोक ऐकत नाहीत हा विचार थोडा बाजूला ठेवा आणि आज एक काम करा. वॉचमनला सांगा, बाहेर जाणाऱ्याचं नाव लिहू नकोस, फक्त कारण लिही. सकाळी ६ ते रात्री ८. रात्री ती वही घेऊन बसा. बहुतेक सोसायट्यांत तीच सात-आठ कारणं निघतात: दूध, भाजी, किराणा, औषधं, एटीएम, पार्सल, फेरफटका, आणि जवळच राहणाऱ्या आईवडिलांना डबा. प्रत्येकाचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. कारण शिल्लक असेपर्यंत माणूस जाणारच, नोटीस कितीही कडक शब्दांत असो.

दूध आधी घ्या, कारण ते रोजचं आहे आणि सोपं आहे. सकाळी ६ ते ७.३० या वेळात प्रत्येक घरातून एक माणूस खाली येतो, म्हणजे ९६ माणसं त्याच जिन्यांतून आणि लिफ्टमधून. दूधवाल्याला विंगवार चार क्रेट लावायला सांगा. प्रत्येक विंगचा एकच माणूस क्रेट वर नेईल आणि दाराच्या कडीला लावलेल्या पिशवीत दूध टाकेल. बेल वाजवायची नाही. पैसे महिन्याअखेरीस.

भाजीचा टेम्पो आत अजिबात घेऊ नका. भोंगा वाजला की पंधरा मिनिटांत तीस-चाळीस माणसं एका ताडपत्रीभोवती वाकून टोमॅटो चाचपत उभी राहतात. मंडईत निदान लोक वेगवेगळ्या वेळी जातात. त्याऐवजी ठरलेली पिशवी घ्या: कांदे २ किलो, बटाटे १ किलो, टोमॅटो १ किलो, दोन फळभाज्या अर्धा-अर्धा किलो, पालेभाजीची एक जुडी, आणि मिरची-कोथिंबीर-आलं-लिंबू. चौघांच्या घराला तीन-चार दिवस पुरते. आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी. निवडून घेता येत नाही म्हणून कुरकुर होईल, पण गर्दी त्या निवडण्यामुळेच होते. नासकं निघालं तर पुढच्या फेरीला बदलून मिळेल, ही बोली भाजीवाल्याशी आधीच करा, नाहीतर पहिल्याच नासक्या वांग्यावर योजना मोडेल.

किराण्याच्या यादीचे फोटो दुकानदाराला पाठवू नका. चाळीस हस्ताक्षरं त्याला लागत नाहीत, चुकीची वस्तू येते, आणि ती बदलायला माणूस पुन्हा दुकानात जातो. एका ओळीत टाइप केलेलं हवं: फ्लॅट नंबर, वस्तू, ब्रँड, वजन, आणि तो ब्रँड नसेल तर दुसरा चालेल का. यादी रात्री ८ पर्यंत, माल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गेटवर, पिशवीवर मार्करने फ्लॅट नंबर. पैसे यूपीआयने थेट दुकानदाराला. स्वयंसेवकाच्या खात्यातून फिरवले की चौथ्या दिवशी हिशेबावरून वाद होतो आणि स्वयंसेवक काम सोडतो. ज्यांच्याकडे यूपीआय नाही त्यांनी पाकिटात नेमकी रक्कम, वर फ्लॅट नंबर.

औषधांत सगळ्यात जास्त चुका होतात, त्या टाळा. चिठ्ठीच्या फोटोबरोबर जुन्या पट्टीचाही फोटो घ्या, नावाबरोबर मिलिग्रॅम दिसले पाहिजेत. रक्तदाब, साखर, थायरॉइड, हृदयविकाराच्या गोळ्या प्रत्येक ज्येष्ठाकडे ३० दिवसांच्या असू द्या. इन्सुलिन गेटवरच्या टेबलावर ठेवायचं नाही, एप्रिलच्या उन्हात खराब होतं. आल्याबरोबर हातोहात घरी, फ्रीजच्या दारात. बर्फाच्या कप्प्यात नाही.

स्वयंसेवक प्रत्येक विंगला दोन, वय २० ते ४०, स्वतःला दमा-मधुमेह नाही, आणि शक्यतो घरात म्हातारं माणूस नाही असे निवडा. तेच दोघे सगळे दिवस. रोज नवा माणूस नेमला तर संपर्कात येणारे वाढतात. कोणाच्याही घरात शिरायचं नाही.

घरकामाच्या ताईंबद्दलचा निर्णय सरकारने स्थानिक प्रशासनावर सोडलाय. तुमची महापालिका काय सांगते ते विचारून घ्या. पगाराचा निर्णय मात्र आजच करा: महिन्याचा पूर्ण पगार, १ तारखेला. सरकारने संचारबंदीसाठी जाहीर केलेल्या मदतीतले १,५०० रुपये नोंदणीकृत घरकामगारांना आहेत आणि तुमच्याकडे येणाऱ्या बहुतेक ताईंची नोंदणी झालेली नसणार. पैसे मिळणार नसतील तर त्या दुसऱ्या सोसायटीत काम शोधतील आणि रोज चार घरं फिरतील. शिवभोजन थाळी महिनाभर मोफत आहे, आणि अन्नसुरक्षा योजनेच्या कार्डावर माणशी ३ किलो गहू, २ किलो तांदूळ मोफत मिळणार आहेत. जवळचं केंद्र आणि रेशन दुकान कुठलं ते शोधून त्यांना फोनवर सांगा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्या ताई असतील तर त्यांना थांबवू नका. त्या एकाच घरी येतील एवढं पाहा, आणि त्यांच्या कोविडच्या आरटी-पीसीआर चाचणीचा खर्च त्या घराने करावा.

---

डॉ. छातीविकार | १७ एप्रिल, रात्री १०.०५

रुग्णांबद्दल लिहितो. आधी लोकांना सांगायचं गणित.

संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसायला सरासरी ५ दिवस लागतात, कधीकधी १४ पर्यंत. आणि लक्षणं दिसायच्या साधारण दोन दिवस आधीपासून माणूस इतरांना लागण देऊ शकतो. म्हणून ‘मला तर काही होत नाहीये’ याला अर्थ नाही. याच कारणाने पहिला आठवडाभर संचारबंदीचा परिणाम आकड्यांत दिसत नाही. आज येणारे पॉझिटिव्ह रिपोर्ट आठ-दहा दिवसांपूर्वीच्या संसर्गाचे आहेत, आणि आयसीयूमधली गर्दी त्याच्याही नंतर ओसरते. हे लोकांना आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर २२-२३ तारखेला ‘बंद करूनही आकडे वाढतायत, मग कशाला’ असं म्हणून लोक सैल सुटतील.

दुसरं गणित ऑक्सिजनचं. मिनिटाला १५ लिटर लागणाऱ्या रुग्णाला दिवसाला २१,६०० लिटर लागतो. मोठ्या जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर वायू मावतो. म्हणजे एका माणसाला दिवसाला तीन जंबो. जोराच्या प्रवाहाने ऑक्सिजन देणाऱ्या हाय-फ्लो यंत्रावर मिनिटाला ६० लिटर गेले तर बारा. राज्यात रोज सुमारे १,२०० मेट्रिक टन ऑक्सिजन तयार होतो आणि तो सगळाच आता दवाखान्यांकडे वळवलाय. म्हणजे उद्या वाढणाऱ्या रुग्णांसाठी हाताशी फारसं काही उरत नाही. ‘आरोग्य यंत्रणेवर ताण’ या शब्दांनी कोणी थांबत नाही. तीन जंबो सिलिंडर म्हटलं की डोळ्यांसमोर येतं.

आता घरचे तीन रुग्ण.

स्वतंत्र खोली, शक्य असेल तर स्वतंत्र संडास-बाथरूम. खोलीचं दार बंद, बाहेरची खिडकी सतत उघडी. एसी नको. बाथरूम एकच असेल तर रुग्णाने सगळ्यांच्या शेवटी वापरायचं, नंतर खिडकी किंवा एक्झॉस्ट चालू ठेवून अर्धा तास कोणी जायचं नाही. काळजी घेणारा एकच माणूस, त्याला एन-९५ मास्क.

ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र) चुकीचा लावल्याने रात्री-बेरात्री घबराट होते. नेलपॉलिश किंवा मेंदी असेल ते बोट टाळा. हात गार असेल तर चोळून गरम करा. पाच मिनिटं शांत बसा. हात छातीच्या पातळीला टेकवा, मधलं किंवा पहिलं बोट आत घाला, आणि आकडा स्थिर होईपर्यंत निदान अर्धा ते एक मिनिट थांबा. पहिल्या पाच सेकंदांचा आकडा लिहू नका. दर सहा तासांनी नोंद: वेळ, ताप, ऑक्सिजन, नाडी.

बसल्याजागी ऑक्सिजनची पातळी ९४ टक्के किंवा जास्त असेल तर दिवसातून दोनदा सहा मिनिटं चालण्याची चाचणी करा. सपाट फरशीवर, खोलीतल्या खोलीत, नेहमीच्या वेगाने, जिना नाही. साठीच्या पुढच्यांना तीन मिनिटं पुरे. चालल्यावर पातळी ९३ च्या खाली आली, किंवा आधीपेक्षा ३ ने जास्त उतरली, किंवा धाप लागली, तर लगेच डॉक्टरला फोन. दम्याच्या रुग्णांनी ही चाचणी करू नये. बसल्याजागी ९४ च्या खाली, श्वासाला त्रास, छातीत सतत दुखणं, बोलण्यात असंबद्धपणा किंवा उठवूनही जाग न येणं, यातलं एकही असेल तर वाट पाहायची नाही. १०८ (रुग्णवाहिका) आणि महापालिकेची वॉर रूम (बेड मिळवून देणारा कक्ष), दोन्हीकडे एकाच वेळी दोन माणसांनी फोन लावा. आधार, रिपोर्ट, नेहमीच्या औषधांची यादी आणि नोंदवहीचं शेवटचं पान यांचे फोटो आधीच एका फोनमध्ये तयार ठेवा. बेडची चौकशी करताना हेच चार कागद मागतात.

बेड मिळेपर्यंत रुग्णाला पालथं झोपवा. मानेखाली एक उशी, छातीपासून मांडीच्या वरच्या भागापर्यंत एक किंवा दोन, नडग्यांखाली दोन. अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत, मग कुशीवर, मग टेकून बसवून, मग पुन्हा पालथं. जेवणानंतर तासभर नाही. गरोदर स्त्रिया, गंभीर हृदयविकार, मणक्याचं किंवा मांडीचं हाड मोडलेलं असेल तर करू नये.

आणि तीन गोष्टी कळकळीने सांगतो, कारण सध्या लोक यांच्यासाठीच बाहेर धावतायत.

पहिल्या-दुसऱ्या दिवशी सीटी स्कॅन नको. तेव्हा तो बरेचदा स्वच्छच येतो आणि सेंटरच्या बंद खोलीत दोन तास इतर रुग्णांबरोबर बसणं होतं. रेमडेसिविर घरी घ्यायचं इंजेक्शन नाही. ते दवाखान्यात दाखल, ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णासाठी आहे, आणि त्याने जीव वाचतोच असं सिद्ध झालेलं नाही. त्यासाठी घरच्या माणसाने औषध दुकानापुढच्या रांगेत दिवस काढू नये. आणि ऑक्सिजन चांगला असताना स्टेरॉइडच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका. पहिल्या काही दिवसांत विषाणू वाढत असताना त्या दिल्या तर आजार बळावू शकतो, साखर तर हमखास चढते.

घरात लहान सिलिंडर ‘असू द्या’ म्हणून आणू नका. दीड हजार लिटरचा सिलिंडर मिनिटाला ५ लिटरने पाच तासांत संपतो. तेवढ्यासाठी तो दवाखान्यातून कमी होतो.

---

दवंडी | १८ एप्रिल, सकाळी ८.३०

वरच्या दोघांनी व्यवस्था सांगितली. ती लोकांपर्यंत पोचवायची कशी, एवढंच मी लिहिते.

‘गरज नसताना बाहेर पडू नका’ हे वाक्य आजपासून वापरू नका. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला आपली गरज खरीच वाटते, त्यामुळे हे वाक्य शेजाऱ्यासाठी आहे असं तो समजतो. नेमकं नाव घ्या: दुधासाठी उतरू नका, पार्सल घ्यायला उतरू नका, पानपट्टीवर जाऊ नका. आणि त्याच श्वासात पर्याय सांगा. पर्याय नसलेली मनाई दोन दिवस टिकते.

दिवसातून एकच संदेश, ठरलेल्या वेळी. वर तारीख, खाली पाठवणाऱ्याचं नाव आणि फोन. पीडीएफ नको, सजवलेलं चित्र नको, साधा मजकूर. ज्येष्ठ मंडळी ग्रुप वाचत नाहीत, त्यांना फोनच करावा लागतो. एका स्वयंसेवकाकडे आठ घरं, रोज संध्याकाळी दोन मिनिटं: जेवलात का, ताप आहे का, गोळ्या आहेत का. याच फोनवर लपवलेला ताप कळतो.

माइक असेल तर सकाळी ८ आणि संध्याकाळी ६.३०, तीस-चाळीस सेकंद. भोंगा, सायरन, भीतीचं संगीत नको. रोज ऐकलं की कान सरावतात. इमारतीत सगळे ओळखतात असा आवाज घ्या, निवृत्त शिक्षिका असतील तर उत्तम. नमुना देते:

‘लक्ष द्या. आज रविवार, १८ एप्रिल. सोसायटीत तीन रुग्ण आहेत, तिघांचा ऑक्सिजन चांगला आहे. भाजीच्या पिशव्या बुधवारी सकाळी दारात येतील, खाली उतरू नका. किराण्याची यादी आज रात्री ८ पर्यंत आपल्या विंगच्या स्वयंसेवकाला पाठवा. ताप, खोकला, अंगदुखी, जुलाब किंवा वास न येणं, यातलं काहीही असेल तर आधी स्वयंसेवकाला फोन करा, घरातच वेगळ्या खोलीत थांबा. पुढची सूचना उद्या सकाळी ८ ला.’

(‘ऑक्सिजन चांगला आहे’ हे तिघांच्या परवानगीनेच.)

रुग्णांची नावं, फ्लॅट नंबर ग्रुपवर टाकू नका. फलकावर संख्या पुरते. नाव जाहीर झालं, लिफ्टमध्ये कोणी तोंड फिरवलं, दूधवाला त्यांच्या दारी थांबेनासा झाला, की पुढचा माणूस तपासणीलाच जात नाही. तो क्रोसिन घेऊन फिरत राहतो. सोसायटीत साथ पसरायची याहून खात्रीची वाट नाही. म्हणून रुग्णाच्या घरी डबा, औषध, कचरा उचलणं हे सगळ्यात आधी आणि न चुकता झालं पाहिजे. इतर घरं ते बघत असतात.

---

वनटूका | १८ एप्रिल, दुपारी १.२०

इतकं समजावून कोण ऐकणार? आमच्याकडे पॉझिटिव्ह घराला बाहेरून कडी घातली आणि गच्चीला कुलूप. प्रश्न मिटला.

---

हिशोबनीस | १८ एप्रिल, दुपारी २.०५

बाहेरून कडी ताबडतोब काढा. रात्री ऑक्सिजन उतरला, गॅस गळला, शॉर्टसर्किट झालं तर ते कुटुंब आत अडकेल. सोसायटीला माणूस कोंडायचा, पाणी तोडायचा किंवा घरात यायला मज्जाव करायचा कुठलाही अधिकार नाही. रुग्ण खरंच बाहेर फिरत असेल तर महापालिकेच्या आरोग्य विभागाला किंवा पोलिसांना कळवा, ते त्याला कोविड केअर सेंटरला हलवू शकतात.

गच्चीचं कुलूपही मला पटत नाही. वन-रूम-किचनमध्ये पाच माणसं पंधरा दिवस बसवायची आणि उघड्या हवेची एकमेव जागा बंद करायची, तर ती माणसं रस्त्यावर जातील. लागणीचा धोका बंद खोलीत, लिफ्टमध्ये, जिन्यात जास्त, उघड्या गच्चीवर पुष्कळ कमी. वेळा वाटून द्या. सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ५ ते ८, अर्ध्या तासाला एकच घर. म्हणजे दिवसाला बारा घरं, विंगमध्ये चोवीस, प्रत्येकाला दिवसाआड पाळी. किल्ली स्वयंसेवकाकडे, लहान मुलाबरोबर मोठं माणूस हवंच. कठडे बुटके असतील तर मुलं नकोत.

---

कृष्णाकाठ | १९ एप्रिल, सकाळी ७.१०

शहराबद्दल सगळे लिहितायत, गावासाठी थोडं. तुमच्यापैकी अनेकांचं घर तिकडे आहे, आणि मुंबई-पुण्याहून गावी जायच्या बेतात असलेलेही हे वाचत असतील.

गावात किराण्याची गर्दी हा मुद्दा लहान. माणसं जमतात ती दूध संकलन केंद्रावर, पारावर, आणि सुतक-लग्नाला. केंद्रावर सकाळ-संध्याकाळ सगळे एकाच तासात येतात. वाडीवार वेळ द्या, अर्ध्या तासाला एक वाडी, आणि फक्कीने दोन-दोन हातांवर खुणा. कॅन ठेवून लांब उभं राहायचं, फॅटची चिठ्ठी फोनवर. पारावरची बाकं ग्रामपंचायतीने सरळ उलटी करून ठेवावीत. अंत्यविधीला २० आणि लग्नाला २५ ही मर्यादा आहे. खरी अडचण दशक्रियेची, कारण तिला पाहुणे पंगतीला बसतात, मास्क उतरतो. पंगतच नको, भेटायला फोन.

एका खोलीच्या घरात विलगीकरण होत नाही. झेडपीच्या शाळेच्या दोन खोल्या उघडा, बाया-बाप्यांना वेगळ्या. लागणारं सामान: खाट किंवा सतरंजी, मच्छरदाणी, फोन चार्ज करायला बोर्ड, पिण्याच्या पाण्याचा जार, बादली-मग, संडासाला पाणी, आणि आशाताईंकडे एक ऑक्सिमीटर व एक थर्मामीटर. डबा घरून येईल, दारातल्या टेबलावर ठेवायचा. रात्री सोबतीला कोणी झोपायचं नाही, पण हाकेच्या अंतरावर एक माणूस हवा. शहरातून येणाऱ्यांनी थेट म्हाताऱ्या आईवडिलांच्या घरात शिरू नये. चौदा दिवस शेतातल्या घरात किंवा शाळेत. आणि शक्य असेल तर येऊच नका, तालुक्याच्या दवाखान्यात ऑक्सिजनच्या खाटा मोजक्या असतात.

---

डोंबिवलीकर सचिव | २१ एप्रिल, सकाळी १०.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. वही ठेवली. सर्वांत वर दूध, मग पार्सल, मग औषधं. एटीएम वाटलं त्यापेक्षा कमी. क्रेटची पद्धत सोमवारपासून सुरू आहे.

आता नवी अडचण. काल रात्रीपासून सरकारच्या नव्या आदेशाने किराणा, भाजी, दूध, बेकरी सगळ्याला सकाळी ७ ते ११ एवढाच वेळ. आज ८ वाजता कोपऱ्यावरच्या दुकानापुढे रांग रस्त्यापर्यंत. रविवारी राज्यात ६८,६३१ नवे रुग्ण आल्याची बातमी वाचून लोक घाबरलेत आणि साठा करायला पळतायत. शिवाय पहिल्या रुग्णाचे १३ दिवस झाले, त्यांना बाहेर पडायचंय. पुन्हा टेस्ट करायला पाठवू का? आणि त्यांच्या घरचा कचरा सफाई कामगार उचलत नाहीत.

---

हिशोबनीस | २१ एप्रिल, सकाळी ११.५०

तोच आदेश नीट वाचा: दुकान ११ ला बंद, घरपोच सेवा सकाळी ७ ते रात्री ८. म्हणजे तुमच्या यादीच्या पद्धतीला उलट जास्त वेळ मिळाला. दुकानदाराशी आजच बोला. तो ११ ला शटर ओढेल, आत बसून माल भरेल आणि दुपारी ३ ते ६ मध्ये तुमच्या गेटवर देईल. चार सोसायट्यांनी मिळून त्याला पिशव्या भरायला माणूस मिळवून दिला तर तो आनंदाने करेल, सध्या त्याची अडचण माणसांची आहे.

साठ्याबद्दल आजच्या संदेशात तारखेसकट सांगा: दर दुसऱ्या दिवशी माल येणार आहे, पुढची गाडी शुक्रवारी. घरात दहा दिवसांचं धान्य आणि एक जादा सिलिंडर पुरे. गाडी ठरलेल्या दिवशी आली नाही तर मात्र रांग परत लागेल, म्हणून दुसऱ्या दुकानदाराचा नंबर जोडून ठेवा.

---

डॉ. छातीविकार | २१ एप्रिल, रात्री ९.४५

पुन्हा चाचणीची गरज नाही. मेलेल्या विषाणूचे अंश राहून आरटी-पीसीआर कित्येक दिवस पॉझिटिव्ह येऊ शकते, त्याने घबराट वाढते आणि लॅबवरचा भारही. लक्षणं सुरू झाल्याच्या दिवसापासून १० दिवस, आणि त्यांतले शेवटचे ३ दिवस ताप नाही, एवढं झालं की विलगीकरण संपतं. पुढचे ७ दिवस घरीच राहून स्वतःवर लक्ष ठेवायचं. तुम्ही १३ दिवस कुठल्या तारखेपासून मोजलेत ते बघा. रिपोर्टच्या तारखेपासून नाही, लक्षणांपासून मोजायचे.

त्यांच्या घरच्या माणसांचा प्रश्न वेगळा. रुग्णाशी शेवटचा संपर्क आला त्या दिवसापासून त्यांचे १४ दिवस, आणि चाचणी ५ व्या ते १० व्या दिवसाच्या मधे. दुसऱ्याच दिवशी केलेली चाचणी निगेटिव्ह आली म्हणून त्यांना मोकळं सोडू नका. ताप-खोकला असेल तर निगेटिव्ह रिपोर्ट असूनही वेगळ्या खोलीतच ठेवा, या चाचणीत काही रुग्ण सुटतात.

कचऱ्याचं: रुग्णाचे मास्क, हातमोजे, टिश्यू, थुंकी लागलेलं काहीही पिवळ्या पिशवीत, तोंड घट्ट बांधून. ही पिशवी महापालिकेची जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी नेते, त्यासाठी प्रभाग कार्यालयात त्या घराची नोंद करावी लागते. ती तुम्ही केली नसेल, म्हणून अडलं असणार. उरलेला ओला-सुका कचरा नेहमीच्या गाडीत जातो, फक्त दुहेरी पिशवीत द्या. सफाई कामगारांना जाड रबरी हातमोजे आणि मास्क सोसायटीने द्यावेत, आणि पिवळ्या पिशवीला त्यांनी हात लावायचा नाही हे त्यांना समोर उभं राहून सांगा.

लिफ्टच्या बटणांवर फवारणी चालू असेल तर थांबवा, पाणी आत जाऊन पॅनल बिघडतं. कापड भिजवून पुसायचं. फरशी पुसायला १ टक्का हायपोक्लोराइट (जंतुनाशक): ५ टक्क्यांचं मिळालं तर एक भाग द्रावण, चार भाग पाणी. रोज ताजं करा. ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. माणसांवर तर फवारायचंच नाही.

---

डोंबिवलीकर सचिव | २२ एप्रिल, सकाळी ९.००

नोंदणीच राहिली होती, आज प्रभाग कार्यालयात फोन केला. गाडी उद्यापासून येईल. रुग्ण तीनच आहेत, पहिल्यांचे लक्षणांपासून दहा दिवस १८ तारखेला पूर्ण झाले, २५ पर्यंत ते घरीच थांबतील. किराण्याची पहिली गाडी शुक्रवारी दुपारी ४ ला. ४७ घरांच्या याद्या आल्यात, उरलेल्यांना आज संध्याकाळी फोन करतोय.